रिकाम्या खुंटावरची होडी

समिधा नेमकं काय काम करते, हे चौक गावात कोणालाच धड सांगता येत नसे. उत्तनजवळची ही कोळ्यांची वस्ती. इथला माणूस दर्यावर जातो, मासळी विकतो, रिक्षा चालवतो, नाहीतर भाईंदरला कुठेतरी नोकरीला जातो. समिधा नोकरीला जाते एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पण कसल्या नोकरीला, असं कोणी विचारलं की तिची आई गडबडून जायची आणि "कंपुटरवर होड्या चालवतं ती" असं सांगून मोकळी व्हायची. ऐकणारी बाई मान डोलवायची आणि घरी जाऊन सांगायची, की जयकुमारची पोरगी पगार घेऊन गेम खेळते.

आईचं सांगणं तसं खोटं नव्हतं. मीरा रोडला एका दाताच्या दवाखान्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, समिधाची कंपनी होती. कंपनी कसली, अकरा माणसं आणि एक बिघडलेला एसी. पण ती अकरा माणसं जे करत होती ते साधं नव्हतं. किनारा राखायला किती गस्ती नौका लागतील, त्या कुठे उभ्या करायच्या, कोणत्या घटकेला कुठे पाठवायच्या, हे खऱ्या समुद्रावर करून बघता येत नाही. घुसखोराला "जरा येऊन दाखव, आम्हाला मोजायचंय" असं कोण सांगणार? म्हणून मग संगणकात एक खोटा समुद्र बांधायचा. त्यात खरी भरती-ओहोटी घालायची, खरी खोली घालायची, सहाशे मासेमारी होड्या सोडायच्या, चार गस्ती नौका फिरवायच्या आणि मग एक लाल होडी सोडायची. लाल होडी म्हणजे घुसखोर. ती किनाऱ्याला लागायच्या आत पकडली जाते का, ते बघायचं. एकदा नाही, दहा हजार वेळा. ह्याला तिथे सिम्युलेशन म्हणत, आणि ह्या सगळ्या डोलाऱ्याला मॉडेल.

समिधाला हे काम मिळालं ते आकड्यांमुळे, आणि टिकलं ते बापामुळे. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या मुली मुंबईत ढिगाने आहेत. पण पाणी कधी थांबतं, उधाणाला जाळं किती ताणतं आणि अमुक दिवशी होड्या अमुक बाजूला का जातात, हे शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असलेली मुलगी त्या तिसऱ्या मजल्यावर एकच होती. नोकरीच्या पहिल्या महिन्यात तिने कंपनीच्या तयार नकाशावर बोट ठेवून सांगितलं होतं, की तुम्ही होड्या जिथे दाखवल्यात तिथे ओहोटीला चिखल असतो. तेव्हापासून तिला कोणी 'नवी मुलगी' म्हटलं नाही.

तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय म्हणजे नियम चौदा. तो नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

चौकच्या होड्या डोल लावतात. डोल म्हणजे मोठ्या पिशवीसारखं जाळं. समुद्रात खोल रोवलेल्या खुंटांना ते बांधायचं. पाण्याच्या ओढीने मासळी आपसूक आत जाते. जाळं ओढायचं ते पाणी थांबल्यावर, म्हणून होडीला खुंटाशी तास न् तास उभं राहावं लागतं. आता मॉडेलच्या डोळ्यांनी बघा. भर समुद्रात एक होडी, इंजिन बंद, जागची हलत नाही. मॉडेलला ती संशयित वाटणार. अशा साठ होड्या. नौदलाला द्यायच्या पहिल्या अहवालाचा मसुदा तयार झाला तेव्हा त्यात चक्क लिहिलं होतं, की उत्तन ते चौक या पट्ट्यात होडी जागेवर उभी करायलाच मनाई करावी. पर्याय क, असं त्याला नाव होतं. कागदावर ती एक ओळ होती. चौकसाठी तो गावाचा शेवट होता.

समिधा त्या दिवशी जेवली नाही. घरी येऊन तिने बापाला विचारलं, "बाबा, आपल्या खुंटावर दुसरा कोन होडी लावतं का?"

जयकुमार हसला होता. "कोनाची हिंमत हाय? खुंट म्हंजे घर. दुसऱ्याच्या घरात जाऊन बसशील का? परका उभा राहिला तर सगला दर्या बघतं. तवाच जाऊन इचारतात."

ते तिने मॉडेलमध्ये घातलं. प्रत्येक खुंट कोणत्या घराचा, कोणत्या होडीचा, याची यादी तिने दोन महिने गावात फिरून केली. नियम चौदा असा होता: खुंटाशी उभी असलेली होडी ओळखीची धरावी, कारण परकी असती तर आजूबाजूच्या होड्यांनी कळवलंच असतं. साठ होड्यांवरचा संशय एका झटक्यात गेला. गस्ती नौका मोकळ्या झाल्या, पकडण्याचं प्रमाण शंभरात एक्क्याण्णव झालं, आणि पर्याय क अहवालातून बाहेर पडला. चौक वाचलं. गावात कोणाला त्याचा पत्ता नव्हता, आणि समिधानेही कोणाला सांगितलं नाही. पण चार दिवस ती अंगणातून चालतानासुद्धा जरा ताठ चालत होती.

लाल होडी चालवायचं काम लोकेशकडे होतं. मराठवाड्यातून आलेलं त्यांचं घर भाईंदर पश्चिमेला मोरव्यात होतं, आणि हा बुद्धिबळात भल्याभल्यांना रडवणारा. त्याचा पगारच शत्रूसारखा विचार करण्याचा. आठ महिने तो मॉडेलला भोकं पाडत होता आणि बाकीचे बुजवत होते. "चौकवर मी डोकं फोडतोय यार," तो म्हणायचा. "तुझ्या गावातून लाल होडी आत जातच नाही. तुम्ही लोक शेजाऱ्याच्या होडीकडे एवढे काय बघत असता?" समिधाला हे ऐकायला फार आवडायचं.

मग माघात एका शनिवारी सकाळी तिचा रामूकाका गेला. बंदरावर जाळं आवरता आवरता खाली बसला तो उठलाच नाही. जयकुमारचा धाकटा भाऊ, अठ्ठावन्न वर्षांचा. दोघांचे खुंट शेजारी शेजारी, दोघांच्या होड्या एकाच दिवशी पाण्यात उतरलेल्या. घरात रडारड झाली, गाव जमलं. काकी, चंद्रावती, भिंतीला टेकून बसली ती कोणाशी बोलेना. जयकुमारने सगळं केलं, लाकडांपासून जेवणाच्या पानांपर्यंत, आणि त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. बायका आपसात कुजबुजल्या, की दगड आहे हा माणूस. समिधाला ते लागलं, पण उत्तर देण्याची ती वेळ नव्हती.

अहवाल सादर करायची बैठक अकराव्या दिवशी होती, मंगळवारी. ती हलणार नव्हती. समिधा काकीच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसायची आणि शेवटचे तक्ते तपासायची. रविवारी दहाव्याचं सामान आणायला बाप सकाळीच भाईंदरला गेला आणि दुपारी रिकाम्या हातांनी परत आला. दुकान बंद होतं म्हणाला. तोंड रापलेलं, डोळे लाल. सामान मग आईने शेजारणीकडून जमवलं आणि नवऱ्याला दोन शब्द ऐकवले.

सोमवारी किनाऱ्यावर दहावा झाला. पिंडाला कावळा शिवेपर्यंत माणसं वाळूत उभी होती. तेवढ्यात गावचा जुना नाखवा ज्ञानदेव जयकुमारजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "काल रामूच्या खुंटावर कोनची तरी होडी व्हती."

जयकुमार कावळ्यांकडेच बघत राहिला. समिधा मागेच उभी होती. तिने विचारलं, "कोनची होती, नाखवा?"

"आमी बघितला न्हाय, बाय. कडेकडेनं काला कायतरी दिसला तवढा. पाच-सहा घंटे तरी व्हता."

"आणि कोनीच गेला न्हाय इचारायला?"

ज्ञानदेवने तिच्याकडे असं पाहिलं, की ही शिकलेली पोर काय बोलते आहे. "सुतकाचा खुंट हाय तो. त्याच्याकडं बघतात का?"

हे समिधालाही ठाऊक होतं.

गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. घरातला माणूस गेला की तेराव्याचा दिवस संपेपर्यंत त्या घराचा खुंट रिकामा ठेवतात. खुंटाची जागा दाखवणाऱ्या तरंगत्या पिंपाला पांढरं फडकं बांधतात, आणि बाकीच्या होड्या तिथून जाताना तोंड दुसरीकडे वळवतात. गेलेल्या माणसाचा जीव खुंटावर घुटमळतो म्हणे. त्याच्याकडे बघून त्याला अडवू नये. तिने स्वतः लहानपणी आजोबांच्या वेळी होडीत बसून डोळे घट्ट मिटले होते. आणि दोन महिने गावभर वही घेऊन फिरताना ही गोष्ट तिने लिहिली नव्हती. कोणी सांगितली नाही, कारण चांगल्या दिवसांत कोणी सुतकाचं बोलत नाही. आणि तिने विचारली नाही, कारण ती तिच्या लेखी माहिती नव्हतीच. ती श्रद्धा होती. माहिती म्हणजे दुसरंच काहीतरी, साहेबांना सांगण्यासारखं.

परका उभा राहिला तर सगळा दर्या बघतो. फक्त एका जागी बघत नाही. आणि नेमक्या त्या जागी मॉडेल म्हणत होतं, ही होडी ओळखीची आहे, सोडा.

कावळा शिवला. माणसं हलली. समिधाने आईला ऑफिसात तातडीचं काम आहे म्हणून सांगितलं, ओल्या पायांनीच बस पकडली आणि भाईंदरहून रिक्षाने मीरा रोड गाठलं.

"रिकामे खुंट घाल," ती लोकेशला म्हणाली. "साठांतले दोन. कुठलेही. त्यांच्याकडे कोणी बघत नाही असं धर. लाल होडी तिथे नेऊन उभी कर, भरती येईपर्यंत."

लोकेशने का म्हणून विचारलं नाही. तिचा चेहरा बघून त्याने खुर्ची पुढे ओढली. लाल होडी काळ्या पडद्यावर सरकत आली, एका रिकाम्या खुंटाशी थांबली. दोन गस्ती नौका तिच्या अंगावरून गेल्यासारख्या गेल्या. नियम चौदा. भरती आली, लाल होडी हलली आणि चौकच्या वाळूला लागली. पुन्हा. पुन्हा. वीस मिनिटांत आकडा आला. एक्क्याण्णवाचे त्रेसष्ट झाले होते.

"आयला," लोकेश एवढंच म्हणाला. आठ महिने तो हे भोक शोधत होता, पण त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता.

पंचशीला मॅडम त्यांची प्रमुख. पन्नाशीची, कमी बोलणारी, आणि चूक दिसली की आणखी कमी बोलणारी. तिने आकडा पाहिला, समिधाचं म्हणणं उभ्यानेच ऐकलं. अहवालाच्या छापलेल्या बारा प्रती तिच्या टेबलावर होत्या.

"उद्या अकराला बैठक आहे," ती म्हणाली.

"हो मॅडम."

"आणि काल तिथे खरंच एक होडी उभी होती, असं तू म्हणतेस. कोणाची ते माहीत नाही."

"नाही."

"पोलिसांना कळवलंस?"

खोट्या समुद्रातली लाल होडी पकडायला समिधा धावत आली होती. खऱ्या समुद्रातल्या होडीचं तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मॉडेल मरू दे," पंचशीला म्हणाली. "आधी फोन लाव."

समिधाने लावला. नाव, गाव, खुंटाची जागा, सगळं सांगितलं. मग खुर्चीत बसून हाताची बोटं एकमेकांत अडकवून ती नुसतीच बघत राहिली. होडी शत्रूची असेल तर? माणसं उतरलेली असतील तर? आणि नसेल, तरी उद्या नियम चौदा मोडला की काय होणार हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. पर्याय क परत येणार. ज्या ओळीपासून तिने गाव वाचवलं होतं, ती ओळ तिच्याच तोंडून परत येणार होती.

संध्याकाळी साडेपाचला ती चौकला उतरली तेव्हा मासळी सुकवायच्या पटांगणात दोन पोलीस उभे होते आणि त्यांच्याभोवती गाव. "कोणी पाहिली होडी?" पोलिसाने विचारलं. ज्ञानदेव जमिनीकडे बघत म्हणाला, "आमी न्हाय बघितला कायच." दुसऱ्याने तेच सांगितलं. तिसऱ्यानेही. ओट्यावरून एक बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, की सुतकाच्या घरी पोलीस कोणी आणले ते आम्हाला ठाऊक आहे. समिधाला वाटलं, जमीन फाटावी.

तेवढ्यात तिचा दंड कोणीतरी धरला. बाप होता. तो तिला वाळूत ओढून ठेवलेल्या होडीच्या आडोशाला घेऊन गेला.

"फोन तू केलास?"

"हो."

जयकुमारने होडीच्या फळीवर हात ठेवला. मग म्हणाला, "मीच व्हतो तो."

समिधाला आधी कळलंच नाही.

"खुंटावर. मी व्हतो. भाईंदरला न्हाय गेलो. पलीकडून लहान होडी काढली आणि गेलो." त्याने फळीवरचं वाळलेलं शेवाळ नखाने खरवडलं. "घरात सगली रडतात गो. मला रडताच येईना. नऊ दिस झाले. छातीत गोला घेऊन फिरतंय मी. मला वाटला, तिथं कोन बघनार न्हाय. आमी दोघांनी रोवलेला खुंट तो. मी एकवीसचा, तो अठराचा. तिथं जाऊन बसलो नि मंग आला रडू."

"पाच तास?"

"पानी थांबून परत फिरला, तरी बसलेलो. गावच्या सगल्या होड्या गेल्या बाजूनं. एकानंबी मान वलवली न्हाय."

समिधाला बापाला मिठी मारावीशी वाटली आणि त्याच वेळी ओरडावंसं वाटलं. ज्याच्या शब्दावर तिने नियम चौदा लिहिला, त्याच माणसाने जाऊन तो मोडून दाखवला होता. सुतकात घरची होडी काढायची नाही आणि सुतकाच्या खुंटाला शिवायचं नाही, गावाचे दोन्ही नियम त्याने मोडले होते. हे कळलं तर गाव त्याला काय म्हणेल, याचा विचारही तिला नको वाटला.

"बाबा, उद्या मला हे सांगावं लागंल," ती म्हणाली. मग तिने त्याला सगळं सांगितलं. नियम, लाल होडी, त्रेसष्ट, पर्याय क. साध्या शब्दांत, आडपडदा न ठेवता. जयकुमारने ऐकलं. त्याला आकडे कळले नसतील, पण खुंटाशी थांबायची मनाई म्हणजे काय, ते त्याला तिच्यापेक्षा जास्त कळलं.

"तू न्हाय सांगितलास तर?"

"तर कोनालाच कळनार न्हाय. कधीच. जवर कोन खरोखर येत न्हाय तवर."

त्याने मान हलवली. "सांग. माझा नाव घे. पन गावात मी सांगीन. तू न्हाय." एवढं बोलून तो सरळ पोलिसांकडे चालत गेला, त्यांना बाजूला घेऊन त्याने काय ते सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि गावाला काही न बोलता ते निघून गेले.

मंगळवारी बैठकीच्या दाराशी पंचशीलाने समिधाला थांबवलं. होडी कोणाची होती हे तिला रात्रीच फोनवर कळलं होतं. "म्हणजे धोका असा काही झालेला नाही," ती म्हणाली. "रिकाम्या खुंटाचं तळटिपेत टाकता येईल. पान चव्वेचाळीस. खोटं होणार नाही ते. तुझं गावही राहील, अहवालही राहील. तू ठरव. मॉडेल तुझं आहे."

पान चव्वेचाळीस कोणीही वाचत नाही. दोघींना ते माहीत होतं. खोटं कशाला बोला, समिधा क्षणभर मोहात पडली. क्षणभर कसली, सगळे आत जाऊन बसेपर्यंत आणि पंचशीलाची पहिली दहा मिनिटं संपेपर्यंत ती मोहातच होती. चहा आला, बिस्किटं आली. पडद्यावर एक्क्याण्णव हा आकडा हिरव्या रंगात चमकत होता. समोर बसलेले नौदलाचे कॅप्टन पानं उलटत होते, आणि त्यांनी तेराव्या पानावर बोट ठेवलं.

"ये रूल फोर्टीन," ते म्हणाले. "अच्छा है. लेकिन वेरिफाय हुआ है? गाववाले सचमुच देखते हैं?"

पंचशीलाने समिधाकडे पाहिलं. लोकेशने पाहिलं.

समिधा उभी राहिली. "नहीं सर," ती म्हणाली. "रूल गलत है. एक जगह वो लोग नहीं देखते." आणि तिने सांगितलं. सुतक म्हणजे काय हे हिंदीत सांगताना ती दोनदा अडखळली. पांढरं फडकं, वळवलेल्या माना, त्रेसष्ट.

कॅप्टनने चष्मा काढला. "ये आपका अंदाजा है, या सच में कोई नाव वहाँ खड़ी रही, और किसी ने नहीं देखा?"

"खड़ी थी सर. परसों. पाच घंटे. गावच्या सगळ्या बोटी बाजूने गेल्या."

"किसकी थी?"

"माझ्या वडिलांची," समिधा मराठीतच म्हणाली. त्यांना ते समजलं.

पुढचा तासभर जे झालं ते तिच्या लक्षात तुकड्यातुकड्यांनी राहिलं. हिरवा आकडा पडद्यावरून काढला गेला. एका अधिकाऱ्याने सरळ सांगितलं, की मग पर्याय क परत आणा, प्रश्नच मिटला. समिधाने जीव तोडून सांगितलं, की खुंटाशी थांबायला बंदी केली तर साठ होड्या तिथून उठतील, आणि आज निदान अठ्ठावन्न खुंटांवर जे डोळे आहेत ते एकाही खुंटावर राहणार नाहीत. लोकेशने तो प्रयोग तिथेच चालवून दाखवला. आकडा पंचावन्नवर आला. कॅप्टनने तो आकडा आपल्या प्रतीवर लिहून घेतला.

"शुक्रवार तक," ते शेवटी म्हणाले. "गाव बतायेगा कि कौनसा खुंट खाली है, और उसपर नजर रखेगा, तो आपका रूल रहेगा. नहीं तो बंदी लिखनी पड़ेगी. आपके गाव को समझाएगा कौन?"

समिधाने वहीत 'शुक्रवार' असं लिहून त्याखाली रेघ ओढली.

बुधवारी बारावं झालं. पानं उठली, पण ज्ञानदेवने माणसांना थांबायला सांगितलं होतं, कारण पोलिसांच्या गोष्टीचा निकाल लावायचा होता. अंगणात माणसं, ओट्यावर बायका. समिधा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ज्ञानदेवने घसा साफ केला आणि तो तिच्या नावानेच सुरुवात करणार, एवढ्यात जयकुमार उठला.

"पोरीला कायच बोलायचा न्हाय," तो म्हणाला. "रविवारी रामूच्या खुंटावर मी व्हतो."

जयकुमार थांबला नाही. थांबला असता तर पुन्हा बोलता आलं नसतं. सुतकात होडी काढली, खुंटाला शिवलो, दंड काय तो करा, म्हणाला. "पन एक ऐका. मी पाच घंटे तिथं व्हतो. तुमी सगले बाजूनं गेलात. मी भाऊ व्हतो म्हनून ठीक. उद्या तिथं कोन वंगाल मानूस उभा राहिला, तर तुमी अशीच मान फिरवाल. त्याला ठाव हाय, इथं कोन बघत न्हाय. माझ्या पोरीनं हे सरकारला सांगितला. खरा व्हता म्हनून सांगितला. आता आपुन बघायचा ठरवला न्हाय, तर ते आपल्याला खुंटाशी उभाच राहू देनार न्हाईत."

"आनि गेलेल्या मानसाचा काय?" ज्ञानदेव म्हणाला. त्याच्या आवाजात राग होताच, भीतीही होती. "त्याच्याकडं टक लावून बघायचा? त्याला अडकवून ठेवायचा?"

जयकुमार खाली बसला. समिधाच्या दहा हजार फेऱ्यांत हा प्रश्न कुठेच नव्हता. तिला वाटलं, संपलं.

बारा दिवस भिंतीला टेकून बसलेली चंद्रावती तेव्हा बोलली. मान वर न करता, जयकुमारला. "तुमी पाच घंटे बसले व्हते त्यांच्यासंगती?"

"हा."

"म्हंजे त्या दिशी ते एकले नव्हते," ती म्हणाली.

एका बाईने डोळ्यांना पदर लावला. चंद्रावती हात टेकून उठली, आत गेली आणि रामूच्या होडीची चावी आणून तिने जयकुमारच्या हातात ठेवली. मग ज्ञानदेवकडे वळून म्हणाली, "ज्या घरचा खुंट रिकामा, त्या घरची बाई सांगंल. मी आजच सांगतंय. माझ्या मानसाच्या खुंटाकडं बघा. सगल्यांनी बघा."

ज्ञानदेवने पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ त्याच्या घड्या सारख्या करत बसला. दंडाचं नाव त्याने काढलं नाही.

गुरुवारी समिधा तिसऱ्या मजल्यावर नियम चौदा पुन्हा लिहीत होती. माहिती कोणाकडून, असा एक रकाना असतो. तिथे आधी तिने 'स्थानिक मच्छीमार' असं लिहिलं होतं. ते खोडून ती थांबली होती, तेव्हा बापाचा फोन आला. मागे इंजिनांचा आवाज होता, आणि तो ओरडून बोलत होता.

"मी रामूच्या खुंटाशी हाय. पानी थांबला. होड्या चालल्यात बाजूनं."

"मग, बाबा?"

"बघतात गो," जयकुमार म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. "सगले बघतात. ज्ञानदेवनं तर हात केला."

समिधाने फोन कानाशी तसाच धरला आणि दुसऱ्या हाताने रकान्यात काकीचं नाव लिहिलं.